नाव कोणी पुसायचं

शकुबाईंनी फळ्यावर नवऱ्याचं नाव लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रूपराव बैलबंडीखाली आले.

ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहिताना माझा हात अजून अडखळतो. दोन गोष्टी लागोपाठ सांगितल्या की ऐकणारा त्यांच्यात दोरी बांधतोच. हिंगणीत तर ती दोरी बांधायला कोणी क्षणभर थांबलं नाही. मी तिथेच उभा होतो आणि मला ती सोडवता आली नाही. म्हणून जे घडलं ते पहिल्यापासून सांगतो. नीट सांगता येईल असं वाटत नाही, पण दुसरं कोणी सांगणारं आता उरलेलंही नाही.

एकोणीसशे ऐंशीचा उन्हाळा होता. मी हिंगणीत ग्रामपंचायतीचं वाचनालय सांभाळायचो. वाचनालय म्हणजे दोन कपाटं आणि एक बाक. सरकारने प्रौढांसाठी साक्षरतेचे वर्ग काढले तेव्हा सरपंचांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "तुम्ही नाईतरी दिवसभर बुकंच पाह्यता. बायांले शिकवा." नाही म्हणायला जी हिंमत लागते ती माझ्यात कधीच नव्हती. मी मान हलवली.

कापसाची वेचणी संपली की शेतात बायांना फारसं काम नसायचं. दुपारची जेवणं आटोपून त्या शाळेच्या खोलीत जमायच्या. फळा भिंतीवरच होता, सिमेंटचा चौकोन काळा रंगवलेला. मी बहुतेक वेळ त्याच्याकडे तोंड करून शिकवायचो. बायांनाही ते सोयीचं असावं, कारण माझी पाठ असली की त्या मोकळेपणाने हसायच्या.

शकुबाई डेकाटे त्यांच्यातल्याच एक. वय चाळिशीच्या आतबाहेर. अंगाने किरकोळ, बोलणं कमी. त्या वर्गाला का आल्या ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्यांची लेक कोकिळा वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला दिलेली. एकदा तिच्याकडून एकट्या परत येताना शकुबाई वर्ध्याच्या स्टँडवर भलत्याच बसमध्ये बसल्या आणि दिवेलागणीला आर्वीत उतरल्या. रात्र स्टँडच्या बाकावर काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आल्या तेव्हा सासू रुख्माबाई दारातच बसलेल्या होत्या. त्या दिवसापासून घरातल्या बाईने एकटीने बसमध्ये बसणं बंद झालं. गावाने शकुबाईंचं नावच 'आर्वीवाली' ठेवलं. नळावर पाणी भरायला गेल्या तरी कोणी ना कोणी म्हणायचं, "सर वं बाजूले, आर्वीची गाडी आली."

वर्गाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगून टाकलं होतं. "मले बुक नाई वाचाचं गुरुजी. बसची पाटी वाचाची हाये. माह्या पोरीकडं मी एकटी जाईन, अन् एकटी येईन."

त्या शिकल्या भरभर. काठीने दाखवलं ते अक्षर दुसऱ्या दिवशी त्यांना येत असे. पण अधूनमधून एकदम थांबायच्या. समोर 'रुपया' आला की गप्प. 'रूप' आला की खिडकीबाहेर पाहायच्या. बाकीच्या बाया मोठ्याने म्हणायच्या, यांचे ओठ मिटलेले. बोलतानाही त्या रुपयाला 'कलदार' म्हणायच्या. जुनी माणसं म्हणत, म्हणून मी त्यावर विचार केला नाही.

वर्ग संपायच्या आठवड्यात परीक्षा झाली. सेलूहून पर्यवेक्षक बबनराव मोटारसायकलवर आले. परीक्षा साधी होती. फळ्यावर आपलं पूर्ण नाव लिहायचं, मग एक उतारा वाचून दाखवायचा. शकुबाईंनी 'शकुबाई' लिहिलं, हातभर जागा मोकळी सोडली आणि पुढे 'डेकाटे' लिहिलं. उताऱ्यात दोन शब्द गाळले.

"मधलं नाव?" बबनरावांनी विचारलं.

शकुबाई खाली पाहत राहिल्या.

"अर्धवट साक्षर असं काही नसतं बाई," ते म्हणाले, आणि त्यांना नापास केलं. निकाल सर्वांसमोर वाचला गेला. बाहेर पडताना कोणीतरी म्हणालंच, "यंदाही आर्वीलेच उतरली."

मला वाटलं, माझ्या शिकवण्यातच काही राहिलं. उरलेल्या दिवसांत मी 'र'ला उकार कसे लागतात ते पुन्हा शिकवलं, फळाभर लिहून काढलं. शेवटी पंचफुला हसायला लागली. पंचफुला मून ही बौद्धवाड्यातली, शकुबाईंची शेजारीण नव्हे, पण वेचणीला दोघी एका ओळीत असायच्या. तिच्या जिभेला लगाम नव्हता.

"गुरुजी, तुमचं लगन झालं नाई ना, म्हणून असं होऊन राह्यलं."

मी फळ्याकडेच पाहत विचारलं, "म्हणजे?"

"तिच्या घरवाल्याचं नाव रूपराव हाये. ते ती कशी घेईन? घेतलं तं नवऱ्याचं आयुष्य कमी होते म्हणते तिची सासू. त्या नावाचं अक्षरही तोंडात येऊ देत नाई. तुमी तिले 'रू रू' करून राह्यले."

मी खडू खाली ठेवला. उन्हाळाभर मी त्या बाईच्या तोंडासमोर तिच्या नवऱ्याचं नाव धरून बसलो होतो.

नापास झाल्यावर त्या परत येतील असं मला वाटलं नव्हतं. पण पुढच्या साली कापूस निघाला, आणि वर्ग उघडला त्या दुपारी शकुबाई दारात उभ्या होत्या, पाटी पदराखाली धरून. बसल्या, आणि जणू मधलं वर्ष झालंच नाही अशा आवाजात त्यांनी मला विचारलं, "गुरुजी, नाव तोंडानं घेऊ नये. पण लिवलं तं घेतलं होते का?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मी म्हणालो, पाहून सांगतो. खरोखरच मी दोन्ही कपाटं पालथी घातली. धर्माची पुस्तकं, रीतिरिवाजांवरची पुस्तकं, सगळी. तोंडाने न घेण्याबद्दल दोन ठिकाणी सापडलं. लिहिण्याबद्दल कुठेच काही नव्हतं. कदाचित ज्यांनी ते रिवाज केले त्यांच्या बायकांना लिहिताच येत नव्हतं. हे मी त्यांना बोललो नाही. एवढंच म्हणालो, "पुस्तकात सापडलं नाही."

"म्हणजे कोणालेच मालूम नाई," शकुबाई म्हणाल्या.

"मले हाये मालूम," पंचफुला म्हणाली. "म्या तं मागच्या सालीच लिवलं. पंचफुला चिंधू मून. चिंधू कसा हाये? ठणठणीत. पाह्यजे त्याच्यापेक्षा जास्तच ठणठणीत हाये."

बाया हसल्या. शकुबाई हसल्या नाहीत. मग मे महिन्यात एका दुपारी, मी सगळ्यांना पाटीवर नाव लिहायला सांगितलं असताना, त्या उठल्या, फळ्याशी आल्या आणि माझ्यापुढे हात केला. मी खडू दिला.

त्यांनी 'शकुबाई' लिहिलं. थांबल्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला, घरात नवरा आला की घ्यायच्या तसा. आणि त्या पदराआडून एक एक अक्षर दाबून लिहिलं. रू. प. रा. व. पुढे 'डेकाटे'.

खोलीत एक बाई हलली नाही. मागच्या एकीने तोंडावर हात ठेवला होता तो तसाच राहिला. शकुबाईंनी खडू माझ्या हातात दिला, जागेवर जाऊन बसल्या आणि पाटी मांडीवर घेतली.

मी त्या दिवशी फळा पुसला नाही. इतका आनंद झाला होता की राहू द्यावं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाचनालयाचं कुलूप काढत होतो. शेणखत वाहायचे दिवस होते ते. रूपराव खताची भरली बंडी घेऊन शेताकडे निघाले होते. नाल्याजवळ झुडपातून रानडुक्कर आडवं गेलं, बैल बिचकले, रूपराव जूवरून खाली पडले आणि चाक मांडीवरून गेलं. डोकं दगडावर आपटलं होतं. त्यांचा धाकटा भाऊ तानबा रस्त्याने ओरडत आला तेव्हा मला शब्द कळले नाहीत, फक्त नाव कळलं. तेच नाव. माझ्या हातातून किल्ली पडली.

जीप मिळाली. रूपरावांना मागे आडवं ठेवलं, शुद्ध नव्हती. शकुबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. जीप माझ्यासमोरून गेली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मी त्या दिवशी जो लावला तो मला कित्येक दिवस झोपू देत नव्हता.

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं असं कळलं.

दुपारी वर्गाला कोणी आलं नाही. मी एकटाच फळ्यासमोर बसलो होतो. तेवढ्यात रुख्माबाई आल्या. सत्तरीच्या, वाकलेल्या, हातात ओलं फडकं. माझ्याकडे पाहिलंही नाही. सरळ फळ्याशी गेल्या.

"कोणतं हाये ते?"

मी बोटाने दाखवलं.

त्यांनी फडकं उचललं. हात वर गेला, आणि तिथेच राहिला. फडक्यातून पाणी टपटप त्यांच्या दंडावर पडत होतं. मी पाहत होतो. हळूहळू त्यांचा चेहरा बदलला.

"मी हे पुसलं," त्या म्हणाल्या, "तं कोणाचं नाव पुसलं?"

फडकं खिडकीत टाकून त्या मटकन फळ्याखाली बसल्या.

तेव्हा मला कळलं की हे आता कोणालाच पुसता येणार नाही. लिहिलं म्हणून तो पडला. पुसलं तर काय होईल? गावात ही गोष्ट संध्याकाळपर्यंत घरोघरी गेली आणि एकही माणूस असा निघाला नाही जो म्हणेल, आणा तो कपडा इकडे. पंचफुला आली, दारातूनच पाहिलं. मला वाटलं ती तरी पुसेल. ती म्हणाली, "मी नाई मानत हे काई," आणि थोडं थांबून, "पण तो परत येईस्तोवर राहू द्या."

आणि मी? सगळे गेल्यावर मी कपडा हातात घेतला. चार अक्षरं, खडूची. मी जे काही आयुष्यभर वाचलं होतं ते सगळं मनात म्हणून पाहिलं. हात उठला नाही.

दुसऱ्या दिवसापासून रुख्माबाई फळ्याची राखण करायला लागल्या. सकाळी पाण्याचा गडवा घेऊन यायच्या, संध्याकाळी दार लावून जायच्या. उन्हाळ्याची सुटी होती, पोरं आत खेळायला यायची, त्यांना हाकलायच्या. एकदा शेळी आत शिरली आणि फळ्याच्या कोपऱ्याला पाठ घासायला लागली, तेव्हा म्हातारी अशी धावली की मीच घाबरलो. वर्ग बंद होता. मी मात्र रोज जायचो. का जायचो, माहीत नाही. कदाचित एकटीला सोडणं बरं वाटत नव्हतं, किंवा त्यांनी मला शिव्या द्याव्यात असं वाटत होतं. त्यांनी दिल्या नाहीत.

तानबा एकदा येऊन गेला. "डोये नाई उघडले अजून," म्हणाला, भाकरी बांधून घेतल्या आणि गेला. मग काहीच कळलं नाही.

एका दुपारी रुख्माबाईंनी विचारलं, "गुरुजी, हे समदं रूपचंच नाव हाये का? इथून तथवर?"

"नाही. पहिलं शकुबाई. शेवटचं आडनाव. मधलं त्यांचं."

"मधलं म्हणजे कोणतं?"

मी उठून बोट ठेवलं. इथून इथपर्यंत. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"एवढंसंच?" त्या म्हणाल्या. "एवढा मोठा केला म्या त्याले, अन् नाव एवढंसंच?"

त्यानंतर त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, फळ्याकडे पाहत असायच्या. कधी बोट जमिनीच्या धुळीत फिरायचं. मला वाटायचं, म्हातारी चिंतेने रेघा ओढते आहे.

परीक्षेचा दिवस आधीच ठरलेला होता. वर्ग बंद असल्याचं कळवायचं राहिलं, किंवा मला कळवायचा धीर झाला नाही. बबनराव सेलूहून मोटारसायकलवर आले तेव्हा बाया आल्या होत्या, पण खोलीत नाही. साऱ्याजणी बाहेर कडुनिंबाखाली उभ्या. आत रुख्माबाई आणि मी.

मी जमेल तसं सांगितलं. बबनरावांना आधी हसू आलं, मग घड्याळ पाहिलं.

"म्हणजे एका नावासाठी तुम्ही वर्ग बंद ठेवला?"

"हो."

"गुरुजी, तुम्ही शिकवणारे. तुम्हीच असं करायला लागले तर काय बोलायचं." त्यांनी खिडकीतलं फडकं उचललं. ते वाळून कडक झालं होतं. "मी पुसतो. चला, नावं लिहून घ्या."

"हात लावजो नको, साहेब," रुख्माबाई म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. "पोरगा दवाखान्यात पडून हाये माहा."

"आजी, हा सरकारी फळा आहे."

"फळा सरकारचा असन. नाव माह्या पोराचं हाये."

बबनराव फडकं हातात धरून उभे राहिले. त्यांनी एकदा नावाकडे पाहिलं, एकदा म्हातारीकडे. मग फडकं परत खिडकीत ठेवलं आणि रुमालाने स्वतःची मान पुसली. मला वाटतं, त्यांचाही हात उठला नसता. पण ते म्हणाले वेगळंच. म्हणाले, "ठीक आहे. परीक्षा नाही म्हणजे वर्ग नाही. मी हिंगणीचा वर्ग बंद केल्याचं कळवतो."

मला बोलायचं होतं. शकुबाईंचं काय, असं. त्या परत आल्या तर त्यांनी कुठे जायचं? मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेर वर्ध्याची बस येऊन थांबल्याचा आवाज आला.

कडुनिंबाखालून पंचफुलेचा आवाज आला. "शकू उतरली."

"कोण हाये संगं?" कोणीतरी विचारलं.

पंचफुलेने पुन्हा पाहून घेतलं.

"कोणीच नाई. एकटी हाये."

एकटी. जी बाई एकटी बसमध्ये बसत नाही ती दवाखान्यातून एकटी परत आली, याचा अर्थ त्या क्षणी तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकीला एकच दिसला. मलाही. रुख्माबाईंनी फळ्यावर दोन्ही तळहात टेकवले, नावाच्या दोन्ही बाजूंना, नावाला न लागता, आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो रडण्याचा नव्हता. तो ऐकून बाहेर बायांनी एकदम गळे काढले.

शकुबाई दारात आल्या. हातात कापडी पिशवी, पदर घामाने चिकटलेला. त्या सगळ्यांकडे आश्चर्याने पाहत होत्या.

"काऊन रडून राह्यल्या तुमी?"

त्या सासूकडे वळल्या.

"आत्याबाई, काय झालं? कोण गेलं?"

रुख्माबाईंना मान वळवता येत नव्हती. पंचफुलाच पुढे झाली. "तू सांग कोण गेलं ते. एकटी काऊन आली?"

तेव्हा शकुबाईंना कळलं. त्या दारातच खाली बसल्या.

"माय वं," त्या म्हणाल्या. "असं कसं समजल्या तुमी? कोकिळेचे बाबा बसले हायेत खाटेवर. सकायी चहा पेले. पायाले पट्टी हाये, उठाले टाइम लागन म्हणे. तानबा हाये त्याइच्यापाशी."

"शुद्धीवर हाये?" रुख्माबाईंनी फळ्याकडे तोंड करूनच विचारलं.

"हो आत्याबाई."

"बोलते?"

"निंघताना बोलले ना. म्हणे, बराबर जाजो, आर्वीले नको उतरजो."

म्हातारी वळली. हे रूपरावांचंच बोलणं होतं, दुसरं कोणी असं बोललं नसतं, हे सगळ्यांनाच कळलं. बाहेर कोणीतरी रडता रडता हसलं.

"अन् तू एकटी आली," रुख्माबाई म्हणाल्या. "कशी आली?"

"पाटी वाचून."

शकुबाई उठल्या, पाणी प्यायल्या, आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "गुरुजी, आज परीक्षा हाये म्हणून आली. संध्याकायच्या गाडीनं वापस जाते."

मी फळ्याकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. नाव तसंच होतं, सुटीतल्या धुळीने थोडं पुसट झालेलं.

"हे पुसलं नाई कोणी?"

"कोण पुसन?" पंचफुला म्हणाली. "तुह्या सासूनं राखण केली. शेळीले मारलं त्याच्यापायी."

शकुबाईंनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "दवाखान्यात खिडकीतला बाबू म्हणे, पेशंटचं नाव सांगा. तानबा आत गेलता स्ट्रेचरच्या मागं. मी एकटी. बाबू म्हणे, बाई मुकी हाये का, मागं लाइन लागली हाये. मले घामच फुटला. मंग म्या कागद मांगतला, अन् लिवून देलं. तेच नाव त्याइच्या खाटेले टांगलं हाये आता. डाक्टर येते, वाचते, औषध देते." त्या थांबल्या. "पयलीवार लिवलं तवा पडले. दुसरीवार लिवलं तवा भरती झाले. आता कोणतं खरं धरू, मले समजून नाई राह्यलं. तुमच्या बुकात हाये का?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग राहू द्या."

त्या खिडकीशी गेल्या, वाळलेलं फडकं उचललं, गडव्यातलं पाणी त्यावर ओतलं.

"शकू," रुख्माबाई म्हणाल्या. एवढंच.

"आत्याबाई, मले पुन्हा लिवता येते."

आणि त्यांनी पुसलं. डावीकडून उजवीकडे एकदा, मग परत. खडूचं पांढरं पाणी भिंतीवरून खाली आलं. मी तर डोळे मिटले होते. उघडले तेव्हा फळा काळा, ओला, रिकामा होता, आणि शकुबाईंचा हात माझ्यापुढे होता. खडूसाठी.

ओल्या फळ्यावर खडू नीट उमटत नाही. त्या फुंकर घालत, वाळवत वाळवत लिहीत होत्या. शकुबाई. पदर पुढे आला. रूपराव. डेकाटे.

बबनराव खुर्चीत बसले होते, कागद मांडीवर. "आता वाचा," ते म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता.

"शकुबाई," शकुबाईंनी वाचलं.

मग थांबल्या. बबनराव वाट पाहत होते. मी वाट पाहत होतो. आता इतकं झाल्यावर त्या म्हणतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या नाहीत. पदराआडून साहेबांकडे पाहून म्हणाल्या, "मधलं तुमीच वाचा जी. लिवलं हाये ना म्या."

बबनराव तोंड उघडणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"रूपराव."

रुख्माबाई उभ्या होत्या, बोट फळ्याकडे केलेलं. बोट नावाच्या सुरुवातीला होतं तिथून शेवटापर्यंत सरकलं आणि नेमकं 'व'पाशी थांबलं.

शकुबाई सासूकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "डेकाटे."

"पण 'रा' पयलेसारखा नाई आला," रुख्माबाई म्हणाल्या. "काना आखूड झाला. लांब दे."

शकुबाईंनी काना लांब केला. मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. मागे बाया एकेक करून आत शिरत होत्या, पाट्या घेऊन, आणि उतारा वाचल्याचा शकुबाईंचा आवाज येत होता. त्यात 'रुपया' होता. त्या 'कलदार' म्हणाल्या. बबनरावांनी ते चालवून घेतलं.

संध्याकाळच्या बसला मी स्टँडवर गेलो होतो, निरोप द्यायला की नुसताच, सांगता येणार नाही. रुख्माबाईही सुनेबरोबर निघाल्या होत्या, पोराला पाहायला. गाडी आली. शकुबाईंनी पाटी पाहिली आणि पायरीवर पाय ठेवला.

"थांब," म्हातारी म्हणाली. "काय लिवलं हाये?"

"वर्धा."

"आर्वी तं नाई ना?"

"नाई आत्याबाई."

रुख्माबाईंचा विश्वास बसला नाही. त्या गाडीच्या तोंडासमोर जाऊन उभ्या राहिल्या, मान वर करून. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. त्या हलल्या नाहीत. पहिल्या अक्षराकडे बोट करून त्या म्हणाल्या, "हा तं आपल्या नावातला 'व' हाये."

"हो," शकुबाई म्हणाल्या.

"मंग चाल," म्हातारी म्हणाली, आणि चढली.